ओली कड

साडूला मी बोलावलं नव्हतं. मंगळवारी सकाळी तो यार्डात आला तेव्हा मी बोटीवर गुडघे टेकून मास्किंग टेप लावत होतो. खाली शिडी हलली. कोण आहे ते मला न बघताच कळलं, कारण शिडीवर चढताना शीळ वाजवणारा आमच्या नात्यात एकच माणूस आहे.

"आलो बरं का, साडूभाऊ."

"का?"

"हिनं पाठवलंय. मला हौस नाही."

ही म्हणजे माझी मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. साडूचं गाड्या रंगवायचं गॅरेज आहे. माझ्या मनात त्याचं नाव चकाकी. आणलेली गाडी चालते की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, चमकली म्हणजे झालं. बावीस वर्षांत आमचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मला आठवत नाही.

बोट सासऱ्यांनी स्वतः बांधलेली. ते बोटींचे सुतार होते. जाताना त्यांनी ती दोन्ही मुलींच्या नावावर केली. मेहुणी वर्षातून दोनदा यायची, बसायची, केसांना वारा लागतो म्हणून तक्रार करायची आणि जायची. बोटीचं सगळं काम मी आणि माझी बायको करायचो. बायकोला जाऊन चौदा महिने झाले. मधला एक अख्खा हंगाम मी यार्डाकडे फिरकलो नाही. उन्हात भाजलेल्या पाठीची साल निघते तसा लाकडावरचा जुना थर निघाला होता आणि खालचं लाकूड राखाडी पडलं होतं. महिन्यापूर्वी मेहुणी बघायला आली, तिनं कठड्यावर हात फिरवला आणि तळव्यात लाकडाचं कुसळ घुसलं. संध्याकाळी फोन आला.

"भाऊजी, बाबांच्या बोटीची ही दशा केलीत?"

"करतो नीट."

"कधी? शनिवारी, क्रेन येते त्या शनिवारी, सगळ्या बोटी पाण्यात जातात. त्याच्या आत लाकूड झालं तर बोट तुमच्याकडे. नाही झालं तर रविवारी ट्रेलर घेऊन येते आणि आमच्या शेडमध्ये नेते. ताई होती म्हणून मी इतकी वर्षं गप्प होते."

"तू गप्प होतीस?"

तिनं फोन ठेवला.

त्यांची शेड मला माहीत होती. तुटके बंपर, रिकामे डबे आणि वर पत्रा. तिथे एकदा गेलेली वस्तू परत आलेली मी पाहिलेली नाही. आणि घरात माझ्याकडे बायकोचं फारसं काही उरलं नव्हतं. तिचे कपडे मेहुणीनं पंधरा दिवसांत पिशव्या भरून नेले होते, मला न विचारता. म्हणाली, बघून त्रास होईल तुम्हाला. कोणाला त्रास होत होता ते मला ठाऊक आहे. बोटीला मात्र कोणी हात लावला नव्हता. बोट गेली असती तर माझ्याकडे एक पलंग, एक टेबल आणि दोन खुर्च्या उरल्या असत्या.

म्हणून मी तीन आठवडे एकट्यानं लाकूड घासलं. जुना थर खरवडला, मग जाड काचपेपर, मग मध्यम, मग बारीक. कठडा, बसायच्या जागेभोवतीच्या उभ्या फळ्या, केबिनचं झाकण, सुकाणूचा दांडा. सोमवारी संध्याकाळी लाकूड मधासारखं दिसायला लागलं. उरला होता वरचा थर. आम्ही पीयू लावायचो. दोन डब्यांचं क्लिअर, म्हणजे पारदर्शक वॉर्निश असतं ते: एक मूळ आणि एक हार्डनर. मापानं मिसळायचं, पंधरा मिनिटं ठेवायचं आणि मग लावायचं. वाळलं की काचेसारखं कडक होतं. ऊन, खारं पाणी, बुटांच्या टाचा, सगळं सोसतं.

पण ते एकट्याला जमत नाही. एकानं रोलरनं पातळ थर पुढे न्यायचा आणि दुसऱ्यानं लगेच मागून ब्रशचं टोक हलकेच ओढत रोलरचे बुडबुडे मोडायचे. लावलेल्याची कड ओली असतानाच पुढचा हात तिला भिडला पाहिजे. कड सुकली की तिथे रेघ राहते, आणि ती रेघ पुढच्या घासणीपर्यंत तुमच्याकडे बघत बसते. आमच्यात मी रोलर आणि बायको ब्रश. एकोणीस वर्षं.

यावर सासऱ्यांचा एक नियम होता. ओल्या कडेवर बोलायचं नाही. दोन्ही मुली लहान असताना केबिनच्या दाराला वॉर्निशचा हात देता देता भांडल्या, ब्रश थांबला, आणि दारावर मधोमध रेघ राहिली. म्हाताऱ्यानं ती मुद्दाम काढली नाही. पाहुणा आला की दाखवायचे, "ही माझ्या मुलींची सही." तेव्हापासून घरात नियमच झाला. भांडायचं तर आधी भांडा नाहीतर नंतर. ओलं असताना तोंड बंद. बायकोनं तो नियम माझ्याकडून पाळून घेतला. साडूलाही तो माहीत होता, लग्नाआधी त्यालाही एकदा ब्रश धरायला लावला होता.

"ब्रश मी घेतो," चकाकी म्हणाला. "रोलर कोणीही फिरवतं."

"कोणीही म्हणजे मी."

"मी नाव घेतलं का?"

त्यानं धूळ टिपायच्या फडक्यांचं नवं पाकीट आणलं होतं. किंचित चिकट असतात ती, गॅरेजवाले वापरतात. मला ती त्याच्याकडून घ्यायची नव्हती, पण माझ्याकडे दुसरं काही काढून ठेवलेलं नव्हतं. सगळं लाकूड त्या फडक्यांनी पुसलं. खालच्या जमिनीवर पाणी मारलं, धूळ उडू नये म्हणून. दव वाळल्याची खात्री केली. पहिला थर पातळ लागतो म्हणून थिनर जास्त घातलं. तोंडाला मास्क लावले, हातमोजे घातले आणि सुरुवात केली.

तासभर आम्ही एक शब्द बोललो नाही. मी त्याच्या ब्रशकडे बघत होतो, चूक सापडावी म्हणून. सापडत नव्हती.

मग सुकाणूजवळच्या डाव्या फळीवर आलो. माझा रोलर गेला, त्याचा ब्रश गेला, लाकूड ओलं चकचकीत झालं, आणि आमच्या डोळ्यांदेखत क्लिअर मागे सरकायला लागलं. आधी एक गोल खळगा, टाचणीच्या डोक्याएवढा. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग तळहाताएवढ्या जागेत तीस-चाळीस. माशाच्या डोळ्यांसारखे. मधे कोरडं लाकूड आणि भोवती क्लिअरची वळी. मी बोट दाखवलं. त्यानं मान हलवली, पुढे चला. बोलता येत नव्हतं म्हणून मी पुढे गेलो. पण शेवटच्या कोपऱ्यापर्यंत जाताना माझ्या डोक्यात काय काय साठलं ते विचारू नका.

रोलर खाली ठेवला आणि मास्क काढला.

"हात धुऊन आला होतास?"

"काय?"

"दिवसभर गाड्यांना मेण चोळतोस. सिलिकॉनचं पॉलिश चोळतोस. तेच घेऊन आलास इथे."

"हातमोजे आहेत, साडूभाऊ. दिसतात का? निळे आहेत."

"मग तुझ्या फडक्यांना असेल."

"पाकीट तुमच्यासमोर फोडलं."

"बायकोनं पाठवलं आणि हा आला! मदतीला! शनिवारी बोट पाण्यात गेली नाही तर कोणाच्या शेडमध्ये जाते रे?"

त्यानं मास्क गळ्यात ओढला. मग म्हणाला, "तुम्हाला वाटतं मला ही बोट पाहिजे? मला? माझ्याकडे जागा नाही गाड्या ठेवायला."

मी फडक्यांचं पाकीट उचललं आणि बोटीवरून खाली फेकलं. ते मी स्वतः पाणी मारलेल्या चिखलात जाऊन पडलं.

तो खाली वाकून बघत राहिला. "छान. उद्या धूळ कशानं टिपणार? जिभेनं?"

"माझं मी बघीन."

"बघाच," म्हणाला, आणि शीळ न वाजवता शिडी उतरला.

बुधवारी मी त्याच्या आधी पोचलो. वाळलेला थर हलक्या हातानं घासला, डाव्या फळीवरचे डोळे घासून काढले. धूळ टिपायला फडकं हवं होतं. बसायच्या बाकाखालचा कप्पा मी चौदा महिन्यांत उघडला नव्हता. उघडला. आत तिची टोपी, एक सुकलेला स्पंज, तिच्या क्रीमचा डबा आणि तिचं फडकं. बायको इस्पितळाच्या लाँड्रीत होती, सव्वीस वर्षं. बाद झालेल्या चादरींचे तुकडे मिळायचे, ते ती बोटीवर आणायची. शेकडो वेळा उकळलेलं सुती कापड, इतकं मऊ की हातात असल्याचं कळत नाही. कडेला लाँड्रीचा आकडा अजून होता.

त्या फडक्यानं मी सगळं लाकूड पुसलं. कठडा, फळ्या, झाकण, दांडा. एकदा नाही, दोनदा. शांतपणे पुसलं. त्या आठवड्यातला तेवढाच वेळ माझा चांगला गेला.

चकाकी आला, त्याची नजर फडक्यावर गेली. "हे कुठलं?"

"तिचं."

"धुतलेलं आहे?"

"ती लाँड्रीत होती. तिचं फडकं धुतलेलं आहे का विचारतोस?"

त्यानं हातमोजे चढवले. मिसळलं, पंधरा मिनिटं थांबलो, सुरुवात केली.

हात-दीड हात कठडा झाला असेल. मी पुढे बघत होतो. त्याचा ब्रश थांबला ते मला आवाजावरून कळलं. मी वळलो. कठड्यावर सगळीकडे डोळे. कालच्या फळीवर तीस-चाळीस होते, इथे शेकडो. मी रोलर पुढे दामटला. पुढेही तेच. मागे क्लिअर मागे सरतंय आणि पुढे मी लावतोय.

"थांबा," तो म्हणाला.

मी त्याला बोटानंच गप्प राहायची खूण केली.

"थांबा म्हणतो ना! कसली कड राखताय? काय उरलंय राखायला?"

इतक्या वर्षांत ओल्या कडेवर कोणी पहिल्यांदा बोललं असेल. मी रोलर ट्रेमध्ये टाकला. "आज काय लावून आलास?"

"पुन्हा मीच? माझं फडकं चिखलात आहे. माझे हातमोजे नवे आहेत. काल एका फळीवर होतं, आज सगळीकडे आहे. काल आणि आजमध्ये बदललं काय?" तो उठला. "ते फडकं द्या."

"नाही."

"द्या, नाहीतर मी चाललो, आणि शनिवारी तुम्ही तुमच्या मेहुणीला सांगा काय ते."

मी दिलं. त्यानं मास्क खाली ओढला आणि फडकं नाकाला लावलं. त्याच्या चेहऱ्यावरचा राग जरा उतरला. मला तो राग परवडला असता, हे नको होतं.

"क्रीम," तो म्हणाला. "ताईंचं क्रीम आहे हे. सतत चोळायच्या त्या."

उकळतं पाणी आणि साबण यांनी तिचे हात फुटायचे. थंडीत बोटांच्या पेरांवर चिरा पडून रक्त यायचं. म्हणून क्रीमचा डबा घरात एक, लाँड्रीत एक, बोटीवर एक. लावायची, उरलेलं फडक्याला पुसायची आणि पुन्हा कामाला लागायची.

मी कप्प्यातून डबा काढून दिला. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, डबा नाकाशी धरला आणि पाठीमागची बारीक अक्षरं वाचायला लागला.

"तिला नावं ठेवू नकोस," मी म्हणालो.

"नावं कोण ठेवतंय? यातल्या वस्तूंची नावं वाचतोय. हे बघा. सिलिकॉन. यादीत तिसऱ्या नंबरवर आहे, म्हणजे भरपूर." त्यानं डबा बंद केला. मग डाव्या फळीकडे बघितलं. मीही बघितलं. सुकाणूचा दांडा ती उजव्या हातानं धरायची आणि डावा हात त्या फळीवर टेकवून बसायची. एकोणीस उन्हाळे. थर झिजायचा, क्रीम खाली मुरायचं, आम्ही वरून पुन्हा लावायचो. मी या वर्षी पार लाकडापर्यंत घासलं तेव्हा ते वर आलं. आणि आज मीच ते तिच्या फडक्यानं सगळ्या बोटीला फासलं होतं.

त्यानं हे सगळं जुळवलेलं मला त्याच्या तोंडावर दिसत होतं. बोलू नको, असं मला वाटत होतं. तो बोलला.

"आठवडाभर लाँड्रीत हात उकळायचे आणि रविवारी तुमच्या बोटीवर थिनरमध्ये बुडवायचे. ही रडायची घरी येऊन. ताईचे हात बघितलेस का, म्हणायची. भाऊजींना दिसत नाहीत का."

"तिला आवडायचं इथे."

"विचारलं होतं कधी?"

मी हात उगारला. खोटं कशाला बोलू, उगारला. त्यानं अंग चोरलं नाही. माझ्या हातात थिनरची बाटली होती, ती त्यानं काढून घेतली.

"मारामारी नंतर. हे ओलं आहे तोवर पुसून काढू या, नाहीतर दगड होईल त्याचा."

पुढचा तासभर आम्ही थिनर आणि कागदी टॉवेलनं तो थर आणि ते फडकं फिरलेलं सगळं लाकूड पुसून काढलं. त्यानं डावी बाजू, मी उजवी. मग तो म्हणाला, "खरं सांगू? पार लाकडापर्यंत पुन्हा घासायला हवं. चार-पाच दिवस. आणि ती फळी तर बदलावीच लागेल. दोन सूत खाली मुरलंय."

"फळीला हात लावलास तर बघ."

"मग शनिवार विसरा," तो म्हणाला आणि गेला.

मी तिथेच बसून राहिलो. तिला विचारलं होतं का कधी? दर रविवारी मी डबे पिशवीत भरायचो आणि ती चपला घालायची. विचारायचं असतं हे मला सुचलंच नव्हतं. मी चौतीस वर्षं पाण्याचे पंप चालवले. पंप आवाज करत नाही म्हणजे ठीक चाललाय, एवढं मला कळतं. माणसाचं तसं नसतं, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. आणि ते मला चकाकीनं सांगावं याचा मला इतका राग आला की मी तिथे बसून मोठ्यानं शिवी दिली. शेजारच्या बोटीवरच्या माणसानं मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

गुरुवारी साडू येणार नाही असं मी धरून चाललो होतो. त्यानं घरी जाऊन बायकोला सांगितलं असेल, ट्रेलर धुऊन ठेवला असेल, असं सगळं चित्र मी उभं केलं होतं. तरी लाकूड पुन्हा थिनरनं पुसून, हलकं घासून ठेवलं. दहा वाजता शिडी हलली.

तो वर आला आणि खिशातून बोटाएवढी बाटली काढून बाकावर ठेवली.

"हे काय?"

"थेंब. गाडीला कोणीतरी सिलिकॉनचं पॉलिश मारलेलं असतं, वर रंग पळतो. तेव्हा घालतो. चांगला रंगारी वापरत नाही."

"तू वापरतोस?"

"मी वापरतो."

"काय असतं यात?"

"तेच. सिलिकॉन."

मला वाटलं तो माझी चेष्टा करतोय. "लाकडात आहे म्हणून रडतोय आणि तू डब्यात घालायला सांगतोस?"

"तेच तर. क्लिअर पळतं ते डागापासून पळतं. लाकडात जे आहे तेच सगळ्या डब्यात घातलं की त्याला सगळीकडे सारखंच. मग ते पळत नाही, गप बसतं." त्यानं बाटली उचलून उजेडात धरली. "पण आधी ऐका. एकदा घातलं की परत साधा थर यावर कधी बसायचा नाही. वर जो थर येईल त्यात थेंब घालावेच लागणार. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, बोट आहे तोवर. जायचं नाही ते कधी. सुताराला विचाराल तर म्हणेल, बोट नासवली."

"आणि दुसरा मार्ग?"

"बोट शेडमध्ये येऊ द्या. घाई नाही तिथे. मी घासतो पार लाकडापर्यंत, नवी फळी घालतो, नव्यासारखी करून देतो. परत देईन. हिच्याशी भांडून देईन."

तो खरं बोलत होता. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मला त्याच्या बोलण्यात खोट काढता येईना, आणि त्याचाही राग आला. नवी फळी. कोरी, काही न मुरलेली. त्यावर काय लावाल ते बसेल.

"थेंब किती घालायचे?" मी विचारलं.

"विचार केलात?"

"किती ते सांग."

त्यानं खांदे उडवले. "या मापाला सहा."

मी सहा मोजून घातले. ढवळताना मी डब्यात बघूनच म्हणालो, "फडक्याचं माझं चुकलं."

"काय म्हणालात?"

"ते मी एकदाच म्हणणार होतो."

"मास्कमुळे ऐकू नाही आलं, साडूभाऊ."

"मास्क तुझ्या गळ्यात आहे."

तो हसला. मी हसलो नाही. त्यानं नवी फडकी आणली होती, पाकीट त्यानं या वेळी स्वतःच्या खिशात ठेवलं. पुसून झालं, मास्क चढवले आणि कठड्यापासून सुरुवात केली.

कोणी बोललं नाही. कठडा झाला, तसाच राहिला. झाकण झालं. दांडा झाला. शेवटी डावी फळी. मी रोलर फिरवला आणि त्याचा ब्रश मागून आला, कोरड्याकडून ओल्याकडे, जेमतेम टेकत. खरं सांगायचं तर त्याचा हात तिच्यापेक्षा हलका आहे. हे मी त्याला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. फळी ओली झाली. आम्ही दोघेही ब्रश-रोलर हवेत धरून बघत राहिलो. तिथे काही फुटतं का, सरकतं का. तिच्या हाताच्या जागेवर क्लिअर थोडं थरथरल्यासारखं वाटलं. मग सपाट झालं आणि तसंच राहिलं.

शुक्रवारी सकाळी शेवटचा थर दिला. सहा थेंब.

शनिवारी दुपारी क्रेन आली. तिच्या आधी मेहुणी आली. ती बोटीवर चढली आणि चूक शोधायला लागली, तिला लपवायचंही नव्हतं. कठड्यावरून बोट फिरवत चालली. झाकणावर वाकून स्वतःचा चेहरा बघितला. सुकाणूपाशी आली आणि डाव्या फळीच्या खालच्या काठाशी तिचं बोट थांबलं.

"हे काय?"

एक डोळा राहिला होता. टाचणीच्या टोकाएवढा. मी दोन दिवस तो बघत होतो.

"माझ्या ब्रशचं आहे ते," साडू म्हणाला. "धूळ आली."

"तुला एक काम धड येत नाही." मग ती माझ्याकडे वळली. "ताईच्या हातून असं कधी व्हायचं नाही."

माझ्या तोंडाशी आलं होतं. सांगितलं असतं तर ती तिथेच मटकन बसली असती, आणि एक वेळ होती की मला ते बघायला आवडलं असतं. साडूनं माझ्याकडे बघितलं. मी क्रेनच्या पट्ट्याकडे बघितलं.

"नाही व्हायचं," मी म्हणालो.

"या वर्षी झालं. पुढच्या वर्षी बघू," ती म्हणाली. खाली उतरताना तिनं आधाराला हात टेकला तो त्याच फळीवर. टेकला आणि उचलला, तिला काही कळलं नाही. "बोटीला हात तरी लावू देत नव्हतात," शिडीवरून ती म्हणाली. "कपडे मी नेले म्हणून अजून राग आहे ना? कपाटात आहेत सगळे. मागितलेत का एकदा तरी?"

विचारलं होतं का, मागितलेत का. दोघं नवरा-बायको एकाच शाळेत शिकलेली.

क्रेनवाल्यानं हात दाखवला. बोट पट्ट्यांवर उचलली गेली आणि पाण्याकडे निघाली. साडूनं खिशातून ती छोटी बाटली काढली आणि माझ्यापुढे धरली.

"ठेवून घ्या. पुढच्या वर्षी लागेल."

"तुझ्याकडेच ठेव. मी हरवीन. येशील तेव्हा घेऊन ये."

"मी येणार असं कोणी सांगितलं?"

"रोलर आणि ब्रश एकट्याला जमत नाही."

"रोलर कोणीही फिरवतं."

"म्हणून ब्रशवाल्याला सांगतोय."

त्यानं बाटली परत खिशात टाकली. "आणि फडकी?"

"फडकी नवी आण," मी म्हणालो. "आणि मला देऊ नकोस."